ट्राय अगेन, लातूर!

चला, आज सुरुवातीलाच एक गेम. डाउनलोड नाही, रजिस्ट्रेशन नाही, मध्येच येणाऱ्या जाहिराती नाहीत. मी तीन आकडे देते: २, ४, ६. हे आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तो नियम तुम्ही ओळखायचा. त्यासाठी तुम्ही मला आणखी तीन-तीन आकडे द्यायचे, हवे तितक्या वेळा. मी फक्त ‘बसतं’ किंवा ‘नाही बसत’ एवढंच सांगणार. खात्री झाली की नियम जाहीर करायचा.

बहुतेक जण काय करतात? ८, १०, १२. बसतं. २०, २२, २४. बसतं. १००, १०२, १०४. अर्थातच बसतं! मग कॉलर टाइट करून उत्तर येतं, ‘दोन-दोनने वाढणारे सम आकडे.’

सॉरी बॉस, चूक. नियम एकदम साधा होता. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा, बस्स. १, ७, ९५ सुद्धा चाललं असतं. पण ते विचारून बघायचं डोक्यातच येत नाही. कारण आपला अंदाज बरोबर आहे हे सिद्ध करण्यात आपण इतके रमतो, की तो चुकीचा असू शकतो का, हे तपासायचं राहूनच जातं.

हा गेम माझा नाही. पीटर वॅसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये लंडनमध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना हेच कोडं घातलं होतं. तिथेही बहुतेकांचं पहिलं उत्तर चुकलं. म्हणजे टेन्शन घेऊ नका, तुम्ही एकटे नाही!

पण यात वैज्ञानिक विचाराचा अख्खा फंडा आला. अंदाज बांधा आणि मग तो पाडायचा प्रयत्न करा. पडला, तर नवा बांधा. नाही पडला, तर थोडा विश्वास ठेवा. फॉर्म्युले आणि व्याख्या नंतर. आधी ही सवय.

प्रश्न असा, की ही सवय शिकवायची कुठे? शाळेत? क्लासमध्ये? की ज्याच्या नावाने घरोघरी ओरडा चालतो, त्या मोबाइलवर?

रेणापूर नाक्यावरून

या प्रश्नासाठी आपल्याला सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. रेणापूर पुरे.

लातूरहून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलात की वीसेक किलोमीटरवर रेणापूर. रेणुकादेवीचं देऊळ, रेणा नदी, आजूबाजूला सोयाबीन. तालुक्याचं गाव. लातूर शहरात एका चौकाचं नावच ‘रेणापूर नाका’ आहे, इतका हा रस्ता रोजच्या वापरातला. आणि दहावी झाली, की हुशार मुलांना हाच रस्ता लातूरच्या ट्यूशन एरियात घेऊन जातो.

‘लातूर पॅटर्न’ माहीत नाही असा मराठी माणूस विरळाच. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण तर त्याच पॅटर्नमधून निघून आज हिंजवडीत किंवा पवईत बसले असतील. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या कॉलेजांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात हे तंत्र बसवलं. सिलॅबस लवकर संपवायचा, मग सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा, पेपर तपासून चुका दाखवायच्या, पुन्हा सराव. बोर्डाच्या मेरिट लिस्ट लागायच्या त्या काळात पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बरोबरीने लातूरची नावं झळकू लागली, तेव्हा सगळे डोळे विस्फारून बघत होते.

नाकं मुरडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ज्या जिल्ह्याला १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपाने हादरवलं, ज्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आणावं लागलं, तिथल्या शेतकऱ्याच्या मुलीला डॉक्टर व्हायचा रस्ता या पॅटर्नने दाखवला. हे छोटं काम नाही.

तरीही एक गोष्ट या पॅटर्नला जमत नाही. चुकू देणं.

‘नीट’चं गणित बघा. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क. बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराला वजा एक. प्रत्येक चुकीची किंमत ठरलेली आणि एकेका मार्काने रँक कुठल्या कुठे जाते. अशा वेळी ‘सर, हे असंच का? दुसरं काही असू शकत नाही का?’ हे विचारायला वेळ कोणाकडे आहे? मुलं उत्तरं शिकतात, आणि ती फटाफट द्यायलाही शिकतात. आपल्याच उत्तरावर संशय घेणं मात्र तिथे परवडत नाही.

गाइडला आवाज लावला की गेम होत नाही

आता मोबाइलकडे वळू. मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात ऐकू येईल असा हा सीन:

‘काय खेळायलास रे? ठेव तो मोबाइल!’

‘आई, अभ्यासच करायलोय की!’

गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात. आज ‘एज्युकेशनल गेम’ या नावाखाली जे काही मिळतं, त्यातला बराचसा माल एकाच साच्यातला असतो. प्रश्न येतो, चार पर्याय येतात. बरोबर बोट लागलं की टाळ्या, नाणी, चमचमते तारे. चुकलं की ‘टँऽऽ’ असा आवाज. हा गेम आहे? राव, हे तर एकवीस अपेक्षितला म्युझिक लावल्यासारखं झालं! पाठांतरासाठी ठीक. पण यातून विज्ञान ‘करता’ येत नाही, फक्त आठवता येतं.

मग खरा गेम कसा ओळखायचा? सोपी टेस्ट आहे. त्यात चुकल्याशिवाय पुढे जाता येतं का? जाता येत असेल, तर ती परीक्षा. चुकत-चुकतच पुढे जावं लागत असेल, आणि प्रत्येक चूक काहीतरी नवं सांगून जात असेल, तर तो गेम.

‘अँग्री बर्ड्स’ आठवतोय? फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीने डिसेंबर २००९ मध्ये आणलेला. पहिला पक्षी पुढे पडतो, दुसरा मागे, तिसऱ्या वेळी आपण कोन थोडा बदलतो. कोणी शिकवलं? कोणीच नाही. अमेरिकेतले फिजिक्सचे प्राध्यापक ऱ्हेट अॅलन यांनी तर २०१० मध्ये या गेमच्या व्हिडिओची चक्क मोजमापं घेतली. आडवा वेग कायम, खाली येताना एकसारखं त्वरण, म्हणजे पुस्तकातली प्रक्षेप्य गती! गेममधलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीसारखंच आहे असं धरलं, तर ती गलोल जवळपास पाच मीटर उंच असायला हवी, असा त्यांचा हिशोब निघाला. आता हाच प्रश्न नववीच्या मुलाला द्या. ‘ही गलोल किती उंच असेल? शोध.’ बघा कसा कामाला लागतो.

आणखी एक अभ्यास जाम इंटरेस्टिंग आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि शॉन डंकन यांनी २००८ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेमच्या खेळाडूंच्या १,९८४ पोस्ट्स वाचून काढल्या. हे खेळाडू एकमेकांशी काय बोलतात, एवढंच बघायचं होतं. त्यातली ८६ टक्के चर्चा टवाळकी नव्हती. कोणी अंदाज मांडतंय, कोणी आकडे देतंय, कोणी ‘तुझं गणित इथे चुकतंय’ म्हणून खोडून काढतंय. राक्षस मारण्यासाठी का होईना, मुलं सायंटिस्टसारखी भांडत होती!

इथे एक गोष्ट नोट करा. शिकणं फक्त स्क्रीनवर होत नव्हतं. ते खेळून झाल्यावरच्या वादात होत होतं. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

एक झोका, तीन बटणं

मुद्दाम विज्ञानासाठी बनवलेलं चांगलं काही आहे का? आहे. आणि फुकट आहे.

कार्ल वीमन यांना २००१ मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी त्यांनी कोलोराडो विद्यापीठात ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. विज्ञान आणि गणिताची खेळकर सिम्युलेशन्स. मोबाइलच्या ब्राउझरवर चालतात आणि यातली अनेक मराठीतही आहेत.

त्यातला लंबक घ्या. साध्या भाषेत झोका. दोरीची लांबी बदला, वजन बदला, गुरुत्वाकर्षण बदला, चंद्रावर न्या नाहीतर गुरूवर. पोरं सुरुवातीला काय करतात? तिन्ही एकदम बदलतात. झोका वेगळा हलतो, पण कशामुळे हलला, ते कळत नाही. मग कधीतरी ट्यूब पेटते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची! ही एक ओळ ज्याला स्वतःच्या हाताने सापडली, त्याला विज्ञानाची अर्धी किल्ली मिळाली.

आणि मग मोबाइल खाली ठेवायचा. सुतळीला दगड बांधायचा. दगडाच्या मध्यापर्यंत लांबी एक मीटर ठेवली, तर झोक्याला जाऊन परत यायला साधारण दोन सेकंद. पाव मीटर ठेवली तर एक सेकंद. दगड दुप्पट जड घेतला, तर? आधी पैज लावा, मग मोजा. स्टॉपवॉच मोबाइलमध्येच आहे की!

‘पण गावाकडे हे चालेल का?’ असं विचारणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. मॅथ्यू काम हा बर्कलीचा संशोधक २००४ पासून उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या मुलांसाठी मोबाइलवर इंग्रजी शिकवणारे गेम बनवत होता. परदेशी व्हिडिओ गेमच्या धर्तीवरचे सुरुवातीचे गेम तिथल्या मुलांच्या फारसे पचनी पडले नाहीत. मग या टीमने उलटा विचार केला. मुलं अंगणात काय खेळतात, त्याचाच अभ्यास केला, आणि त्यातून नवे गेम उभे केले. म्हणजे आपल्याकडे लगोरी, विटीदांडू, सागरगोटे यांचे नियम आधीच तयार आहेत, फक्त त्यात प्रयोग शोधायचाय.

आणि भारीतला फोन लागतो, हाही गैरसमज. दिल्लीच्या झेडएमक्यू कंपनीने २००५ मध्ये एड्स दिनाला बटणांच्या साध्या फोनसाठी एचआयव्हीची माहिती देणारे गेम आणले होते. त्यातला एक तर क्रिकेटचा होता. फोन बदलले, आयडिया तीच.

घरात फोन एक, मालक बाबा

आता थोडं जमिनीवर येऊ. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात त्यावर काही अभ्यासाचं केलं, असं सांगणारी ५७ टक्के. सोशल मीडिया वापरला, असं सांगणारी ७६ टक्के. म्हणजे फोन पोहोचलाय. रेंगाळतोय तो त्याचा उपयोग.

शिवाय फोन पोहोचला म्हणजे मुलीच्या हातात पोहोचला, असं नाही. घरात एकच फोन, तो बाबांच्या खिशात, संध्याकाळी आला तर आधी दादाकडे. आणि आई-बाबांच्या मनात ‘गेम’ म्हणजे काय? पैसे लावून खेळायची रमी. ऑनलाइन जुगारात पैसे घालवल्याच्या बातम्या वाचून ही भीती बसली असेल, तर त्यांचं काय चुकलं? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राला पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा करावा लागला, तो उगाच नाही. त्यामुळे घरच्यांना पटवायचं तर भाषण नको. त्यांनाही खेळायला बसवा. २-४-६ पासून सुरुवात करा, आजोबांनाही चुकू द्या!

आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ आहे. जिल्हा परिषदेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यातून एक सिद्ध झालं: झेडपीच्या शाळेत टेक्नॉलॉजी चालते. पण क्यूआर कोड पुस्तकातून व्हिडिओपर्यंत नेतो. पुढची पायरी वेगळी आहे, व्हिडिओ बघून झाल्यावर ‘हे खरं कशावरून?’ असं विचारणारं पोरगं.

नारळ उभा राहतो तेव्हा

आता मुद्द्याची गोष्ट. रेणापूरच्या मुलाला हे सगळं कशाला हवं?

कारण त्याच्या घरात एक मोठा जुगार आधीच चालू असतो. बोअरचा.

लातूरची जमीन म्हणजे काळा पाषाण, बेसॉल्ट. पाणी सापडतं ते खडकाच्या भेगांमध्ये, नाहीतर झिजलेल्या, सच्छिद्र थरात. शंभर फुटांवर शेजाऱ्याला लागलेलं पाणी आपल्याला लागेलच असं नाही. मग बोलावला जातो पाणाड्या. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो शेतातून चालतो. नारळ उभा राहिला, की तिथे खूण. मशीन येते, रात्रभर घरघरते, आणि कधी पाणी येतं, कधी नुसता फुफाटा. फुफाट्याचे पैसेही द्यावे लागतात. बहुतेक वेळा उसनवारीचे.

‘पण आमच्या पाणाड्याचा पॉइंट लागतोच!’ असं सांगणारे भेटतातच. खोटं बोलत नाहीत ते. फक्त ८, १०, १२ विचारतायत. लागलेले बोअर गावभर सांगितले जातात, कोरडे गेलेले कोणी मोजत नाही. आणि नारळ न उभा राहिलेल्या जागी खोदून बघितलं, तर तिथेही पाणी लागेल का? हा १, ७, ९५ वाला प्रश्न कोणीच विचारत नाही.

जर्मनीत तो विचारला गेला. १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ एका दुमजली कोठारात खाली पाण्याचा पाइप ठेवला, तो दर वेळी वेगळ्या जागी सरकवायचा. वरच्या मजल्यावर पाणाडे. निवडक ४३ जण, एकूण ८४३ चाचण्या. प्रयोग करणाऱ्यांना वाटलं, काहींना जमतंय. पण जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासून १९९९ मध्ये सांगितलं, हे डोळे मिटून अंदाज मारण्यापेक्षा वेगळं नाही.

आपल्याकडेही असा सॉलिड प्रयोग झालाय. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये ज्योतिषांसाठी एक चाचणी ठेवली. २०० पत्रिका, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. कुठली कोणाची, ते पत्रिकेवरून ओळखायचं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर किती? ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आले असते!

मला सांगा, या दोन्ही प्रयोगांची रचना काय आहे? गेमचीच की! नियम, डाव, स्कोअर. मग रेणापूरसाठी एक गेम का नसावा? समजा, नाव ‘बोअर’. स्क्रीनवर एक शेत, खाली लपलेला खडक, खिशात तीन बोअरचे पैसे. एक मदतनीस नारळवाला, दुसरा भूजल सर्वेक्षणवाला, तिसरं नाणं. कोणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा. पण अट एक: लागलेले आणि कोरडे, दोन्ही बोअर वहीत नोंदवायचे. पन्नास डाव झाले की वही उघडायची. पाणाड्याला कोणी वाईट म्हटलं नाही, देवाधर्माचा विषय काढला नाही. फक्त मोजलं.

स्वप्नरंजन वाटतंय? आंध्र प्रदेशात याच्या जवळचं काहीतरी झालंय. तिथे गावकऱ्यांना एकत्र बसवून भूजलाचा खेळ खेळवला गेला, तोही मोबाइलशिवाय. जास्त पाणी पिणारं पीक घ्यायचं की कमी, ते प्रत्येकाने ठरवायचं, आणि सगळ्यांची मिळून पाण्याची पातळी किती खाली गेली ते बघायचं. खेळ संपला की गावाची बैठक. पुढे संशोधकांनी पाहिलं, तर खेळ झालेल्या गावांमध्ये पाण्याची नोंदवही ठेवणं आणि पाणी वापराचे नियम करणं हे इतर गावांपेक्षा जास्त दिसलं. पुन्हा तेच, खेळ आणि नंतरची चर्चा. नुसता मोबाइल हातात दिला की ते पोर आणि तो स्क्रीन, बस्स. शेजारी बसून ‘तू असं का केलंस?’ विचारणारं कोणीतरी लागतंच.

सुट्टीत गावी जाताय ना?

ते ‘कोणीतरी’ तुम्ही होऊ शकता. भाच्यासाठी नवा हेडफोन न्याच, पण सोबत हेही:

• फेट: झोका आणि विजेचं सर्किट यापासून सुरुवात. आधी अंदाज कागदावर लिहायचा, मगच बटण दाबायचं. चिटिंग नाही!

• फायफॉक्स: जर्मनीच्या आखेन विद्यापीठाचं मोफत अॅप. फोनमधले सेन्सर वापरून आवाज, वेग, चुंबकत्व मोजता येतं. एसटी वळणावर किती जोरात फेकते, ते एकदा मोजाच.

• एल्युसिस: रॉबर्ट अॅबट यांचा १९५६ चा पत्त्यांचा खेळ. एकाने गुप्त नियम ठरवायचा, बाकीच्यांनी पत्ते टाकून तो शोधायचा. लाइट गेली तरी चालतो.

• २-४-६: फॅमिली ग्रुपवर टाका. पहिलं १, ७, ९५ कोण विचारतं ते बघा. पैज लावते, ते सगळ्यात धाकटं कार्टं असेल.

आणि हो, हे फक्त भाच्यासाठी नाही. लातूर पॅटर्न गाजवून आज मोठ्या पॅकेजवर बसलेले आपणही भूकंपाची तारीख सांगणारा मेसेज आला, की ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ बघूनही पुढे ढकलतो. मार्क आपल्याला कधीच कमी पडले नव्हते. चुकून बघायची संधी तेवढी मिळाली नव्हती.

रेणापूरच्या पोराला ती मिळायला हवी. कोरड्या बोअरचं बिल येण्याआधी, पाच इंचाच्या स्क्रीनवर, फुकटात.